स्टेटसवरचे आरोग्यखेळ: पुढे पाठवण्याआधी पारखावेत कसे, दुरुस्त करावेत कसे

स्टेटसवर एखादा रंग, एखादे अर्धवट वाक्य किंवा नुसता एक बदाम टाकायचा, कोणी विचारले तर कारण सांगायचे नाही, पुरुषांना तर मुळीच कळू द्यायचे नाही, आणि हाच निरोप आणखी दहा मैत्रिणींना पाठवायचा. ‘कर्करोगाविषयी जागृती व्हावी म्हणून’ एवढे एकच वाक्य शेवटी जोडलेले असते. असा निरोप आला की काही जणी दोन मिनिटांत खेळून मोकळ्या होतात आणि काही जणी वैतागून तो पुसून टाकतात. निरोप पारखून घेणे, त्यात जे नाही ते भरणे आणि मगच तो पुढे पाठवणे हा तिसरा मार्ग सहसा कोणाला सुचत नाही. पुढील विवेचन त्या मार्गाविषयी आहे. आरोग्यक्षेत्रातील एखादा लहान न्यास किंवा महिला मंडळ स्वतःचा खेळ सुरू करू पाहत असेल, तर त्यांनाही ते उपयोगी पडावे.

गुपित ठाऊक नसलेल्याच्या नजरेने वाचावे

पारखण्याची सुरुवात निरोपापासून करू नये. त्यातून जे स्टेटस तयार होणार आहे, त्यापासून करावी. ते स्टेटस पाहणाऱ्या आणि मूळ निरोप न मिळालेल्या माणसाला त्यातून नेमके काय कळेल, हा प्रश्न स्वतःला विचारावा. जानेवारी २०१० मध्ये फेसबुकवर असंख्य स्त्रियांनी ‘पांढरा’, ‘काळा’, ‘गुलाबी’ असा एकेक शब्द लिहिला होता. तो त्यांच्या अंतर्वस्त्राचा रंग होता आणि हेतू स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृती हा होता, असे नंतर सांगितले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घरी आल्यावर आपली पर्स कुठे ठेवायला आवडते, हे द्व्यर्थी वाक्यात लिहिण्याचा खेळ आला. या दोन्ही खेळांनी कुतूहल जागे केले आणि वृत्तपत्रांनीही त्यांची दखल घेतली, हे नाकारता येत नाही. तथापि स्टेटसमध्ये रोगाचे नाव नव्हते, लक्षण नव्हते, कोणत्या संस्थेचा पत्ता नव्हता. जिला काही सांगायला हवे होते, तिच्यापर्यंत पोहोचला तो फक्त रंग. ज्या जागृतीची पहिली अटच ‘कोणाला सांगू नका’ ही आहे, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

पुरुषांना वगळण्याची अट तर उलटी पडणारी आहे. स्तनांचा कर्करोग पुरुषांनाही होतो, आणि एकूण रुग्णांमध्ये त्यांचे प्रमाण साधारण शंभरात एक असते. शिवाय आपल्याकडे अनेक घरांत दवाखान्यात कधी जायचे, कोणत्या जायचे आणि खर्च कोठून करायचा, हे नवरा किंवा मुलगा ठरवतो. त्याला अंधारात ठेवून केलेल्या जागृतीचा त्या घरातील बाईला फारसा उपयोग होत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे खेळ कोणाच्या जखमेवर बोट ठेवतो का. २०११ मध्ये आपण गरोदर आहोत आणि अमुक पदार्थाचे डोहाळे लागले आहेत, असे भासवणारे वाक्य टाकण्याचा खेळ कर्करोगजागृतीच्याच नावाखाली फिरला. मूल होत नसलेल्या किंवा गर्भपाताचे दुःख सोसलेल्या मैत्रिणीने ते वाक्य वाचले, अभिनंदन केले, आणि मग ‘ही तर गंमत’ असे उत्तर मिळाले, तर तिला काय वाटेल याचा विचार खेळ रचणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला अंतर्वस्त्राच्या रंगाचा खेळ कसा वाटेल, हेही वेगळे सांगायला नको.

वाचून झाल्यावर काय करायचे, ते त्यात आहे का

जे खेळ खरोखर फळाला आले, त्यांच्यात बघणाऱ्याला करण्याजोगे एक ठरावीक आणि सोपे काम हाताशी होते. मार्च २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रियांनी मेकअपविना स्वतःची छायाचित्रे टाकण्याची लाट आली. आरंभी त्यावर टीकाच झाली, आणि ती अनाठायी नव्हती, कारण चेहऱ्यावर पावडर नसण्याचा कर्करोगाशी काय संबंध, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ‘कॅन्सर रिसर्च यूके’ या संस्थेने हा खेळ सुरू केलेला नव्हता. मात्र लोक आपले नाव घेत आहेत हे पाहताच तिने मोबाइलवरून एक शब्द पाठवून तीन पौंड देण्याचा क्रमांक सर्वत्र जाहीर केला आणि सहा दिवसांत ८० लाख पौंड जमा झाले. छायाचित्रे तीच होती, पण आता त्यांच्याखाली क्रमांक होता.

त्या क्रमांकाची एक गंमतही नोंदवण्याजोगी आहे. पाठवायचा शब्द होता ‘बीट’. काहींच्या फोनने तो आपोआप दुरुस्त करून ‘बेअर’ केला आणि त्या लोकांना ध्रुवीय अस्वल दत्तक घेतल्याबद्दल वन्यजीव संस्थेचे उत्तर आले. काहींनी ‘डोनेट’ असे पाठवले आणि ते पैसे युनिसेफकडे वळले. म्हणून आपण एखादा क्रमांक, दुवा किंवा क्यूआर कोड देणार असाल, तर तो आधी चार वेगवेगळ्या फोनवर, त्यातही एखाद्या जुन्या आणि स्वस्त फोनवर, स्वतः वापरून पाहावा.

पैशांऐवजी नोंदणीचे काम दिले तरी चालते. मे २०१२ मध्ये फेसबुकने अमेरिकेत ‘मी अवयवदाता आहे’ असे जाहीर करण्याची सोय दिली आणि तिथूनच आपल्या राज्याच्या अधिकृत नोंदणीपानावर जाण्याचा दुवा जोडला. पहिल्याच दिवशी १३,०५४ जणांनी नवी नोंदणी केली. एरवी हा आकडा दिवसाला सरासरी ६१६ असे, म्हणजे वाढ एकवीस पटींची होती. पुढील दोन आठवड्यांत ओघ उतरत गेला, तरी तो नेहमीपेक्षा वरच राहिला. येथे जाहीर करणे आणि प्रत्यक्ष नोंदणी करणे या दोहोंत एका बोटाचे अंतर होते, आणि माझ्या मते यशाचे कारण तेच.

बर्फाच्या बादलीतून काय घ्यावे

सर्वांना आठवणारे उदाहरण म्हणजे जुलै-ऑगस्ट २०१४ मधील, बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याचा खेळ. मज्जातंतूंच्या पेशी झिजवून स्नायू निकामी करणाऱ्या ‘एएलएस’ या आजारासाठी तो आहे, हे आरंभी ठरलेलेही नव्हते. जो तो आपल्या पसंतीच्या संस्थेचे नाव घेत असे. त्या आजाराने ग्रासलेले पॅट क्विन आणि पीट फ्रेट्स हे दोन तरुण त्यात उतरल्यावर खेळाला चेहरा मिळाला. अमेरिकेतील ‘एएलएस असोसिएशन’ला त्या काही आठवड्यांत साडेअकरा कोटी डॉलर मिळाले, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश रक्कम संशोधनासाठी राखली गेली. २०१६ मध्ये ‘एनईके१’ हे जनुक या आजाराशी निगडित असल्याचे ज्या प्रकल्पातून समजले, त्याला यातून पैसा मिळाला होता. याच निधीच्या मदतीने तपासलेल्या एका औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण मोठ्या चाचणीत ते निष्प्रभ ठरल्याने २०२४ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. संशोधनात असे घडतेच, त्यावरून निधी वाया गेला असे म्हणता येणार नाही.

आपल्या कामाच्या दृष्टीने या खेळाची रचना पाहण्यासारखी आहे. आव्हान नाव घेऊन तिघांना दिले जाई, त्यामुळे ते अंगावर येई. चोवीस तासांची मुदत असल्याने ते लांबणीवर टाकता येत नसे. कृती चित्रफितीत दिसे, आणि पाणी ओतणारा बहुधा आजाराचे नाव उच्चारत असे. यांतील शेवटचा भाग जेथे गळाला, तेथे उरली ती निव्वळ आंघोळ. बादलीची नक्कल करण्यापेक्षा आपल्या गावाला शोभेल ते शोधावे, हेही त्याच वर्षी दिसले. हैदराबादच्या मंजूलता कलानिधी यांनी पाण्याऐवजी गरजू माणसाला बादलीभर तांदूळ देण्याचे आव्हान मांडले. पाण्याचा टँकर यायची वाट पाहणाऱ्या गावात बर्फाची बादली डोक्यावर ओतून कोणाचे मन जिंकता येणार नाही, हे त्यांना बरोबर कळले होते. आणखी एक सावधगिरी म्हणजे लाट पुन्हा येईल असे गृहीत धरून पुढच्या वर्षीचा खर्च आखू नये. बादलीचा खेळ दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडला गेला, पण पहिल्या वर्षीच्या तुलनेत त्यातून अगदीच थोडे हाती लागले.

दाखवून झाले की काम झाले, ही भावना

कॅनडातील क्रिस्टोफरसन, व्हाइट आणि पेलोझा या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोकांना सैनिकांच्या स्मरणार्थ वापरले जाणारे लाल फूल चारचौघांत लावायला दिले, तर काहींना तेच फूल पाकिटात घालून दिले. थोड्या वेळाने देणगी मागितली, तेव्हा पाकीटवाल्यांनी जास्त पैसे दिले. पाठिंबा सर्वांना दाखवून झाला की चांगले दिसण्याची गरज तिथेच भागते, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणून खेळात दाखवण्याची पायरी शेवटी ठेवावी. आधी तपासणीची वेळ घ्यावी, नोंदणी करावी किंवा पन्नास रुपये द्यावेत, आणि त्यानंतरच स्टेटस टाकावे, असा क्रम निरोपात स्पष्ट लिहावा.

निरोप दुरुस्त कसा करावा

भारतात स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनांचा आहे. जागतिक आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा करून २०२१ मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते येथे महत्त्वाचे आहेत. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. लागल्या त्या शिकवलेल्या सेविका आणि तपासणीला येणाऱ्या बायका, आणि तपासणीला येण्याचे निमित्त स्टेटस नक्कीच देऊ शकते.

तेव्हा रंगाचा निरोप आला तर तो मोडीत काढण्याऐवजी असा लिहून पाहावा: “आज स्टेटसवर गुलाबी रंग. कारण उघड सांगते. स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्त किंवा पाणी येणे, यांपैकी काही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. तीस वर्षांपुढील स्त्रियांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारावे. मी वेळ घेतली आहे. वहिनी, मावशी, तुम्ही कधी जाणार ते याच गटात कळवा. घरातल्या पुरुषांनाही हे वाचून दाखवा.” रंग राहिला, गंमत थोडी राहिली, गुपित मात्र गेले. चित्राची जोड द्यायची असेल तर २०१७ मध्ये जगभर फिरलेले लिंबांचे चित्र आठवावे. अंड्यांच्या खोक्यात मांडलेल्या बारा लिंबांवर स्तनांच्या कर्करोगाची बारा लक्षणे दाखवली होती. ते पाहायला संकोच वाटत नव्हता आणि वाचता न येणाऱ्या बाईलाही ते समजत होते.

पैसे आणि माहिती देताना

फिरत आलेल्या निरोपातील क्यूआर कोडवर कधीही पैसे पाठवू नयेत. संस्थेचे नाव स्वतः शोधून तिच्याच संकेतस्थळावरून द्यावेत आणि यूपीआयवर समोर येणारे खातेदाराचे नाव संस्थेचे आहे की व्यक्तीचे, हे वाचून मगच पिन टाकावा. महाराष्ट्रातील न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. तो नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. देणगीवरील प्राप्तिकराची ‘८०जी’ सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीने देऊ नये, आणि नव्या करपद्धतीत ही सवलत मिळत नाही हे ध्यानात ठेवावे. जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव किंवा पहिली शाळा विचारणारा खेळ आला, तर तो कितीही पुण्याच्या नावाखाली असला तरी सोडून द्यावा, कारण बँका ओळख पटवण्यासाठी असलेच प्रश्न विचारतात.

न्यासांनी मोजावे काय

किती जणांनी पाहिले आणि किती बदाम मिळाले, हे आकडे अहवालात शेवटी लिहावेत. खेळ सुरू होण्याआधीच्या चार आठवड्यांत मदतक्रमांकावर किती दूरध्वनी आले, शिबिरात किती जणी आल्या, किती देणगीदार नवे होते, याची नोंद आधीच करून ठेवावी आणि तीच मोजणी खेळाच्या आठवड्यात, महिन्याभराने आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावी. नावनोंदणीच्या कागदावर ‘आपल्याला कोठून कळले?’ अशी एक ओळ छापली तर खर्च काहीच येत नाही. आलेल्यांपैकी पहिल्यांदाच तपासणी करून घेणाऱ्या किती होत्या, हा रकाना मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण दरवर्षी येणाऱ्या त्याच चाळीस जणी पुन्हा आल्या असतील, तर खेळाने नवीन काही केलेले नाही. तीन महिन्यांनंतरही तो रकाना हलला नसेल, तर पुढच्या वर्षी खेळ रद्द करावा आणि त्याच कार्यकर्त्यांना आशाताईंबरोबर दोन वस्त्यांत घरोघरी पाठवावे.