गिझर तापत नसेल तर विजेचा बिघाड कसा शोधावा

साठवणीच्या गिझरमधले पाणी गार येऊ लागले की बहुतेकजण कॉइल जळाली असेच धरून चालतात. पण कॉइलपर्यंत पोहोचण्याआधीच वीज कुठे अडली आहे का, हे पाहावे. प्रथम गिझरचा एमसीबी (जादा प्रवाहावर आपोआप बंद होणारा स्विच) बंद करून प्लग काढावा. झाकण उघडल्यावर नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर न विसंबता मल्टिमीटरने पुरवठा तुटल्याची खात्री करावी.

२००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे १६ अँपिअरच्या सॉकेटमधली पकड जराशी सैल झाली तरी तिथे उष्णता निर्माण होते आणि पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडते. तिथे सर्व ठीक असल्यास कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून टोकांमधला रोध मोजावा. तो २६ ओहमच्या आसपास भरल्यास कॉइल शाबूत आहे, आणि संशय थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापल्यावर वीज तोडणारा भाग) व थर्मल कटआउट (पाणी अति तापल्यास वीज तोडणारा सुरक्षा स्विच) यांच्याकडे वळतो. कटआउटचे बटण दाबताच गिझर सुरू झाला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण बऱ्याचदा थर्मोस्टॅट चिकटल्यामुळेच कटआउट पडलेला असतो.

गिझर लावताच आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर प्रकरण वेगळे. बोअरच्या जड पाण्यामुळे कॉइलवर क्षारांचा थर चढतो, ती अतितप्त होते आणि तिच्या आवरणाला चीर गेल्यास आत पाणी शिरते. मल्टिमीटर अगदी थोड्या व्होल्टवर मोजत असल्याने ही गळती त्याला दिसेलच असे नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टवर विजेची गळती तपासणारे उपकरण) असलेल्या इलेक्ट्रिशियनलाच बोलवावे आणि तोवर आंघोळीचे पाणी गॅसवर तापवावे.