ग्वाटेमालाच्या माया वस्त्यांत बालकुपोषणाचा अभ्यास कसा करावा

शिष्यवृत्ती घेऊन ग्वाटेमालातील माया समाजात बालकुपोषणाचा अभ्यास करायला निघालेल्या विद्यार्थ्याने आपण नेमके काय मोजणार आहोत हे सर्वप्रथम ठरवावे, कारण मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये तयार झालेली नजर तिथे फसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी होती आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश होती. ग्वाटेमालाच्या २०१४-१५ च्या पाहणीत बुटक्या मुलांचे प्रमाण ४६.५ टक्के, मायांसह मूलनिवासी समाजांत तर सुमारे ५८ टक्के आढळले. कृश मुले मात्र देशभरात एक टक्क्याहूनही कमी होती. तिथले उपाशी मूल हडकुळे दिसत नाही. ते गुटगुटीत वाटते आणि त्याचे खरे वय कळल्यावरच त्याची वाढ किती खुंटली आहे हे लक्षात येते. म्हणून दंडाचा घेर मोजून कृशता ओळखणाऱ्या पट्टीवरच केवळ भिस्त ठेवू नये.

उंचीच्या मोजमापावर मात्र मनापासून मेहनत घ्यावी. दोन वर्षांखालील मुलाची लांबी त्याला फळीवर आडवे झोपवून, त्यापुढील मुलाची उंची उभे करून घ्यावी. मोठे मूल आडवे मोजावे लागले तर ०.७ सेंटिमीटर वजा करावेत. डोके धरायला एक आणि पाय सरळ करायला एक अशी दोन प्रशिक्षित माणसे लागतातच. जन्मतारीख आईच्या आठवणीवर न सोडता लसीकरणाच्या कार्डावरून किंवा जन्मदाखल्यावरून पडताळावी, कारण वयातील दोन महिन्यांची चूकही लहान बाळाचे वर्गीकरण बदलू शकते. रक्तक्षयही तपासणार असाल, तर तोतोनिकापानसारख्या उंच डोंगराळ प्रदेशात हिमोग्लोबिनच्या आकड्यात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार दुरुस्ती करणे अनिवार्य आहे.

वाचनाची सुरुवात १९४९ मध्ये ग्वाटेमाला सिटीत स्थापन झालेल्या मध्य अमेरिका व पनामाच्या पोषण संस्थेच्या, म्हणजेच इनकॅपच्या, कामापासून करावी. या संस्थेने १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत पूरक आहाराचा जो अभ्यास केला, त्याचा दाखला पोषणशास्त्रात आजही दिला जातो. पण ती खेडी पूर्वेकडील, स्पॅनिश बोलणाऱ्या लादिनो, म्हणजे मूलनिवासी नसलेल्या, लोकांची होती, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष पश्चिमेच्या माया डोंगरवस्त्यांना जसेच्या तसे लावणे मला गैर वाटते.

विद्यापीठाच्या नीतिसमितीची आणि ग्वाटेमालातील समितीची मंजुरी ही पहिली पायरी झाली. वस्तीत शिरण्यापूर्वी गावच्या विकास समितीशी आणि सुईणींशी बोलावे, आणि घाई करू नये. १९४६ ते १९४८ दरम्यान अमेरिकी संशोधकांनी याच देशात कैद्यांना, सैनिकांना आणि मनोरुग्णांना त्यांच्या संमतीविना गुप्तरोगांचा संसर्ग केला होता, ही गोष्ट २०१० मध्ये उघड झाली. १९६० ते १९९६ च्या यादवी युद्धात मारल्या गेलेल्यांत माया लोक बहुसंख्य होते. अशा ठिकाणी परक्या माणसाने नावांची यादी करणे भीतिदायक ठरू शकते. म्हणून नावे आणि मोजमापे वेगवेगळ्या ठिकाणी कुलूपबंद ठेवावीत आणि तसे का केले हे पालकांना समजावून सांगावे.

स्पॅनिश शिकणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. देशात वीसहून अधिक माया भाषा बोलल्या जातात, आणि किचे, माम किंवा केकची बोलणाऱ्या आईला आहाराविषयीचे प्रश्न तिच्याच भाषेत विचारले गेले पाहिजेत. दुभाषी शक्यतो स्थानिक स्त्री असावी आणि तिच्या मानधनाची तरतूद शिष्यवृत्तीच्या अर्जातच करावी. हा खर्च नंतर मागितला तर क्वचितच मिळतो. काल काय खाल्ले हे विचारताना मक्याच्या पोळ्यांची संख्या आणि आकार दोन्ही नोंदवावे. शिवाय घरातला मका संपत आलेल्या महिन्यांत आणि सुगीनंतर अशा दोन वेळा पाहणी करावी, कारण एका हंगामातल्या उत्तरांवरून वर्षाचा आहार कळत नाही.

मोजणीत गंभीर आजारी मूल आढळले तर पाहणी बाजूला ठेवून त्याला कुठे पाठवायचे, वाहनाचे भाडे कोण देणार आणि सोबत कोण जाणार, हे पहिले मूल मोजण्याच्या आधीच जवळच्या आरोग्य केंद्राशी लेखी ठरवून घ्यावे.