संत्र्याच्या बागेतले जिवाणू मोजताना: धुऱ्यापासून पेट्री प्लेटपर्यंत

प्रॅक्टिकलच्या वहीतला मातीतल्या जिवाणूंचा आकडा भलताच आला की दोष अगरला (जिवाणू वाढवायच्या जेलीला) नाहीतर ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याला) दिला जातो. काटोल-कळमेश्वरकडच्या काळ्या मातीत बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते, नमुना घेताना.

ही माती फुगते आणि आकसते. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती पालापाचोळ्यासकट त्यात खोल जाते. भेगेजवळ खुरपं घातलं तर ३० सेंमी खोलीवरची म्हणून घेतलेली माती खरं म्हणजे वरचीच असते. भेगेपासून हातभर दूर राहा. नमुना वापशावर घ्या: मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि अंगठ्याने टेकवलं की फुटावा. ओली माती खुरप्याला चिकटून सगळे थर एक करते; कडक ढेकूळ चाळणीतून जात नाही.

संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं मुख्यतः वरच्या ३० सेंमीत, फांद्यांच्या घेराच्या आसपास असतात. म्हणून बुंध्याजवळ खणू नका. तिथे बोर्डो पेस्टचं (मोरचूद-चुन्याच्या लेपाचं) तांबं उतरलेलं असतं. वरचा पाचोळा बाजूला सारा, घेराखाली चार दिशांनी ० ते १५ सेंमीची माती काढा, अशी पाच झाडं घ्या. ड्रिपरच्या अगदी खालची आणि खताच्या चरातली जागा टाळा. खुरपं दर झाडाला ७० टक्के अल्कोहोलने पुसा. सगळी माती मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्ध्या किलोवर आणा. त्याच दिवशी दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेतून आणि कधीच न वखरलेल्या धुऱ्यावरून (बांधावरून) एकेक नमुना घेतला, तर परिसंस्थेचा धडा पाठ करावा लागत नाही. एकाच मातीत मुळं, मशागत आणि पाचोळा काय फरक करतात ते समोर येतं.

पिशवीवर तारीख, खोली, शेवटचं पाणी, शेवटची फवारणी आणि बाग ताणावर (फुलोऱ्यासाठी पाणी तोडलेली) आहे का, हे लिहा. आंबिया बहारासाठी (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबरात पाणी तोडलेली बाग आणि पावसाळ्यातली बाग यांची तुलना करून ‘सेंद्रिय खताने जिवाणू वाढले’ असा निष्कर्ष काढणं दरवर्षी कुणीतरी करतंच. नमुना थर्माकोलच्या डब्यात बर्फासोबत न्या. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली माती मोजण्यात अर्थ नाही. रासायनिक तपासणीसारखी उन्हात वाळवूही नका. २ मिमी चाळणीतून काढा, ४ अंशांवर ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत वापरा.

आता विरळीकरण, म्हणजे माती टप्प्याटप्प्याने दहा-दहापट पातळ करणं. बाटलीत ९० मिली निर्जंतुक ०.८५ टक्के सलाइन (मिठाचं पाणी) आणि काही काचेचे मणी. त्यात १० ग्रॅम माती. २० ते ३० मिनिटं हलवा. मण्यांशिवाय काळ्या मातीच्या बारीक गुठळ्या फुटत नाहीत आणि आतले जिवाणू मोजणीत येतच नाहीत. सगळ्यात नेहमीची चूक इथे होते: गाळ बसू देऊन वरचं निवळ पाणी पिपेटने घेणं. जिवाणू चिकणमातीच्या कणांना धरून असतात; गाळासोबत तेही खाली बसतात आणि आकडा पडतो. हलवल्याबरोबर मधल्या उंचीवरून १ मिली घ्या, ९ मिली सलाइनच्या नळीत टाका, पुन्हा हलवा, पुढे चला. बाटली दहापट, पुढची नळी शंभरपट, असं करत पाचवी पायरी लाखपट. दर पायरीला पिपेटला नवं टिप (टोकाची नळी). गढूळ पाण्याने टिप तुंबत असेल तर त्याचं टोक कापून मग ऑटोक्लेव्ह करा.

जिवाणूंसाठी पाचव्या आणि सहाव्या पायरीचं १ मिली, प्रत्येकी तीन प्लेटांत. त्यावर ४५ अंशांचा न्यूट्रियंट अगर. बाटली मनगटाच्या आतल्या बाजूला सहन होत नसेल तर अगर अजून गरम आहे, जिवाणू मरतील. बुरशीसाठी तिसरी-चौथी पायरी, ‘रोज बेंगाल’ नावाचा रंग घातलेला अगर, त्यात निवल्यावर लिटरला ३० मिग्रॅ स्ट्रेप्टोमायसिन (जिवाणू रोखणारं औषध). या प्लेटा अंधारात ठेवा. ओतताना कूलर आणि पंखा दोन्ही बंद. घाम येऊ द्या, पण कूलरच्या वाऱ्यासोबतचे बीजाणू प्लेटवर नकोत.

प्लेटा उलट्या करून २८ ते ३० अंशांवर: जिवाणू दोन-तीन दिवस, बुरशी चार-पाच. नागपूरच्या मे महिन्यात ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द विसरा, इनक्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी) लागतोच. मातीचे कण टिंबासारख्या कॉलनीचा (अगरवर वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्याचा) भास देतात, म्हणून एक प्लेट ओतल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवून द्या. तिच्यात दिसतात ती टिंबं मातीची.

३० ते ३०० कॉलनी असलेल्याच प्लेटा मोजा. समजा पाचव्या पायरीला ८४, ९१ आणि ७७ मिळाल्या. सरासरी ८४, गुणिले एक लाख: ओल्या मातीच्या ग्रॅमला ८४ लाख. वेगळी १० ग्रॅम माती १०५ अंशांवर २४ तास वाळवून ८ ग्रॅम भरली तर ८४ लाख भागिले ०.८, म्हणजे कोरड्या मातीच्या ग्रॅमला १ कोटी ५ लाख. हा कोरड्या वजनाचा हिशेब सोडला तर धुऱ्याची कोरडी आणि ड्रिपची ओली माती यांची तुलनाच होत नाही. शिवाय मातीतल्या जिवाणूंपैकी फार थोडे या अगरवर वाढतात. त्यामुळे आकडा तुलनेसाठी वापरा, एकूण संख्या म्हणून सांगू नका.

डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग) आणि मूळकूज करणारी, बुरशीसारखी दिसणारी फायटोफ्थोरा या प्लेटांवर शोधत बसू नका. ती खरी बुरशी नाही आणि इथे सहसा हाती लागत नाही. तिला आमिष लागतं. कपात दोन चमचे माती, चौपट पाणी, वर फवारणी न झालेल्या संत्र्याच्या पानाचे ताजे कापलेले ५ मिमीचे तुकडे तरंगत ठेवा. २२ ते २८ अंशांवर दोन-तीन दिवसांनी कापलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली बघा. टोकाशी बोंडी असलेल्या, लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसल्या की ती आहे. काही दिसलं नाही तरी माती निर्धोक ठरत नाही, दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा करा. कपातलं पाणी आणि माती ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर ओतू नका, जंबेरीच्या (संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात त्या खुंटाच्या) रोपवाटिकेजवळ तर नाहीच.