खून बघून झाल्यावर मतं कशी विचारायची

चार माणसं जमवून टीव्हीवर खुनाचा एपिसोड बघितला की "कसा वाटला?" एवढं तेवढं विचारू नका. पहिल्या खेपेला मी तेच विचारलं. भावोजी म्हणाले, "ठीक आहे," आणि मागोमाग अख्खी ओटी ठीक आहे म्हणाली. भावोजी निवृत्त हवालदार. खुनाच्या विषयात त्यांच्यापुढे कोण तोंड उघडणार?

आमचं घर मालवणहून आचऱ्याकडे जाताना लागतं. सीझनला दोन खोल्या पर्यटकांना देतो, मोठा टीव्ही त्यांच्यासाठीच घेतलेला. पावसात खोल्या रिकाम्या. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणून माझे दोन्ही दीर घरात आणि दोघंही कंटाळलेले. चार घरची माणसं जमवायला याहून बरा काळ नाही. फक्त श्रावण लागायच्या आत उरका. का ते पुढे कळेल.

एपिसोड लहान निवडा. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि इन्व्हर्टरवर टीव्ही फार वेळ टिकत नाही. मी रहस्यपटवाल्या दिग्दर्शक हिचकॉकच्या जुन्या अमेरिकन मालिकेतला 'लॅम्ब टू द स्लॉटर' लावला. १९५८ सालचा, काळा-पांढरा, पंचवीसेक मिनिटांचा. नवरा पोलिसात मोठा अधिकारी. घरी येतो आणि पोटुशी बायकोला सांगतो की मी तुला सोडून चाललो. ती फ्रीझरमधली मेंढीची गोठलेली तंगडी काढून त्याच्या डोक्यात घालते. मग तीच तंगडी भट्टीत भाजायला ठेवते. पोलीस हत्यार शोधून दमतात, तेव्हा आग्रह करकरून त्यांनाच वाढते. ते हत्यार खात खात म्हणतात, कोण जाणे, आपल्या नाकासमोरच असेल. पलीकडच्या खोलीत ती हसते.

खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं, म्हणून अशा बैठकीला हा एपिसोड सोयीचा. कोडं सोडवण्याची चढाओढ नाही, त्यामुळे "मी आधीच ओळखलेलं" म्हणणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद. नावाचा अर्थ, 'कत्तलीला चाललेलं कोकरू', मात्र आधी सांगू नका, अर्धी गंमत त्यातच फुटते.

इंग्रजीचं काय? पहिल्यांदा पुतण्याला बाजूला बसवून भाषांतर करायला लावलं. तो आधी स्वतः हसायचा, मग आम्हाला सांगायचा. दुसऱ्यांदा मी आधी एकटीने बघून महत्त्वाची वाक्यं मराठीत वहीत उतरवली, पंधराच निघाली. पुतणीला सांगितलं, सपाट आवाजात वाच, पंचायतीची नोटीस वाचतात तशी. नाकासमोरचं वाक्य तिने तसंच वाचलं आणि धाकटा दीर चहा नाकातून येईपर्यंत हसला. ती हसेपर्यंतच्या शेवटच्या पाच मिनिटांत कुणीही पॉज दाबायचं नाही. आमच्याकडे एकाने लघवीला जायचं म्हणून थांबवलं आणि परत चालू केलं तेव्हा ते जेवण नुसतं जेवण उरलं होतं.

आता मुख्य गोष्ट. विचारायचं ते असं: "कुठे हसलात?" माणूस मत दुसऱ्याचं उसनं घेतो, हसू घेत नाही. आणि आमच्या भागात मरणाऱ्यावर हसायला लाजण्याचं कारण नाही. दशावतारात आडदशावताराला, म्हणजे सुरुवातीच्या भागात, संकासुर राक्षस येतो, मालवणीत टर उडवतो, लोक पोट धरून हसतात. पुढे विष्णू त्याला मारणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "कुठे हसलात" म्हटल्यावर चुलत सासूबाई, ज्या एरवी टीव्हीकडे पाठ करून वाती वळतात, त्या पटकन म्हणाल्या, "तो जेवूक नको म्हणालो तेव्हा. बायलेक सोडून चललो, आणि वर तिच्या हातचा जेवाणय नको!" त्या क्षणी बाकी कुणी हसलं नव्हतं. मला तर तो प्रसंग फार वाईट वाटलेला.

मासळी विकायला येणाऱ्या काकीचं मत धंद्यातलं: "हातातून निसटतली. बर्फातली सुरमय उचलून बघ माका." आणि शेजारच्या वहिनीचा आक्षेप सगळ्यांत पक्का होता. गोठलेलं मटण तसंच भट्टीत घातलं तर दीडपट तरी वेळ लागतो, मग तेवढ्यात पोलीस निघून कसे नाही गेले? अशी मतं वहीत लिहून ठेवा. "अभिनय चांगला" वगैरे लिहीत बसू नका, ते सगळेच म्हणतात.

भावोजींना मात्र शेवटी बोलू द्या, आधी बोलले की संपलं. त्यांचं म्हणणं असं की पंच नाहीत, पंचनामा नाही, आणि घटनास्थळी जेवतो तो पोलीस कसला. वीस मिनिटं बोलले. एकदाही हसले नव्हते, पण एपिसोड सगळ्यांत बारकाईने त्यांनीच बघितला होता.

मतदानासाठी चिंचोके घ्या. चिठ्ठ्या नकोत, दोघी-तिघींना लिहायचा संकोच असतो. आतल्या खोलीत झाकणाचे दोन डबे ठेवा, एक 'सुटावी', एक 'पकडावी'. एकेकाने आत जाऊन यायचं. पण हे करायचं केव्हा, तर ती हसते तिथे टीव्ही थांबवून, हिचकॉक स्वतः पुन्हा पडद्यावर येण्याआधी. कारण तो येऊन सांगतो की बाईने दुसऱ्या नवऱ्यावरही तोच प्रयोग केला, पण तो विसराळू, फ्रीझर चालू करायलाच विसरलेला, मांस मऊ पडलं आणि ती सापडली. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर खुनी सुटलेला दाखवणं चालत नसे, म्हणून तो हे शेपूट असं थट्टेत जोडायचा. रोआल्ड डालच्या १९५३ सालच्या मूळ कथेत ते नाहीच, कथा तिच्या हसण्यावर संपते. शेपूट आधी ऐकलं की लोक त्यालाच निकाल समजतात.

मग जेवण. मी मुद्दाम मटण आणि वडे केले होते, म्हणून म्हटलं श्रावणाच्या आत. ताटं वाढली आणि कुणी हात घालेना. सगळे भावोजींकडे बघत होते. त्यांनी एक हाडूक उचलून उजेडात धरलं, उलटसुलट बघितलं आणि चोखायला लागले. तेव्हा कुठे बाकीच्यांनी वडा मोडला.

जेवणं झाल्यावर डबे उघडले. माणसं चौदा, चिंचोके पंधरा. सुटावी दहा, पकडावी पाच. भावोजींनी दोनदा मोजले, मग प्रत्येकाला वेगवेगळं विचारायला सुरुवात केली. अकरा वाजेपर्यंत तपास चालला, कुणी कबूल झालं नाही.

म्हणून दोन दिवसांनी पुन्हा एकदा विषय काढा, गर्दी नसताना. मी विहिरीवर चुलत सासूबाईंना सहज म्हटलं, तो जास्तीचा चिंचोका कुणाचा असेल हो? त्यांनी कळशी कमरेवर घेतली.

"येक तिचो घातलंय," म्हणाल्या, "आणि येक पोटातल्याचो."