देवनागरी शीर्षक ‘हटके’ करताना या चुका टाळा

नाटकाची जाहिरात असो, पुस्तकाचं मुखपृष्ठ असो की घरगुती मसाल्याच्या पाकिटावरचं नाव, क्लायंटची मागणी एकच: जरा हटके करा. पहिला बळी जातो शिरोरेषेचा. ती पुसली की अक्षर लगेच आधुनिक दिसतं, म्हणून मोह आवरत नाही. पण घ आणि म वरून बंद, तर ध आणि भ यांचं डोकं डावीकडे उघडं, हा फरक वाचक शिरोरेषेवरूनच ओळखतो. रेषा गेली की ‘धन’ आणि ‘घन’ यांत उरते फक्त ध च्या डोक्यावरची बारीकशी गाठ. ख चा पाय जोडलेला नसेल तर त्याचा ‘रव’ होतो, ते आणखी वेगळंच.

रेषा काढायचीच असेल तर शीर्षकात ही अक्षरं आहेत का, ते आधी बघा. असतील तर ध-भ ची गाठ नेहमीपेक्षा ठळक करा, किंवा रेषा फक्त संशयाच्या अक्षरांवर राहू द्या. मग शब्द 3 सेंटिमीटर रुंदीत छापा आणि ज्याला नाव माहीत नाही अशा माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. अडखळला तर काम अपुरं आहे. क्लायंटला विचारून उपयोग नाही, त्याला नाव पाठ असतं.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही: जाडी उलटी पडणं. रोमन अक्षरात वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड असते. देवनागरीत बोरूचा (लिहायच्या वेताच्या लेखणीचा) काप उलटा, त्यामुळे खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी रेघ जाड होते. रोमन फॉन्टचे तुकडे जोडून बनवलेलं देवनागरी म्हणूनच परक्या उच्चारासारखं वाटतं; काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. तपासायला दोन पेन्सिली रबरबँडनं शेजारी शेजारी बांधा. डावं टोक वर, उजवं खाली असा कोन धरून ठ काढा. गोलाची जाडी वर डावीकडे आणि खाली उजवीकडे यायला हवी. नियम मोडायला हरकत नाही, पण मग तो सगळ्या अक्षरांत सारखा मोडा.

नवेपणा अडचणीतूनही येतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट बघा. अक्षर इतकं गुबगुबीत केलंय की आतल्या पोकळ्या जवळजवळ फटीएवढ्याच उरल्यात, तरी ते वाचता येतं. असं काही हवं असेल तर स्क्रीनवर संदर्भ गोळा करत बसण्याआधी काळ्या पेननं 5 × 3 सेंटिमीटरच्या चौकटीत निदान 25 कच्ची चित्रं काढा. पहिली आठ-दहा कुणालाही सुचतील अशीच निघतात, त्यांवर थांबू नका. रंग सगळ्यांत शेवटी.

आता सॉफ्टवेअरच्या कटकटी. वेलांटी अक्षराच्या मागे पडली किंवा जोडाक्षरं सुटी झाली तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. इलस्ट्रेटरच्या टाइप प्रेफरन्समध्ये इंडिक पर्याय चालू करा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (ओळी जुळवायची, भारतीय लिप्या नीट हाताळणारी सोय) निवडा. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलमधला मजकूर थेट पेस्ट केला तर चित्रविचित्र चिन्हं येतात, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. अक्षरांमधलं अंतर शून्यावर ठेवा, वाढवलं की शिरोरेषा तुटते. मराठी मजकुराला पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो. काही फॉन्टमध्ये भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच ते येतात.

दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीतला ‘वृ’ किंवा ‘कू’ खालच्या ओळीतल्या रफारावर आदळतो. रोमनला चालणारं, अक्षराच्या आकाराच्या 120 टक्के ओळ-अंतर इथे पुरत नाही. 140 पासून सुरुवात करा. चाचणीसाठी ‘कीर्ती’, ‘शृंगार’, ‘दुसऱ्या’, ‘ट्रॅक्टर’ हे शब्द बरे. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं तर तिथेच थांबा.

छपाईत बारीक मजकूर फक्त 100 टक्के काळ्यात द्या. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत जरा सरकला तरी अक्षराला रंगीत कडा दिसते. चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा छापील भाग) ठेवा. फ्लेक्सवर वाचनाच्या अंतराच्या दर तीन मीटरला अक्षराची उंची साधारण 25 मिलिमीटर धरा, म्हणजे 30 मीटरवरून वाचायचं तर 250 मिलिमीटर. आउटलाइन, म्हणजे मजकुराचं टाइप करून बदलता न येणाऱ्या आकारांत रूपांतर, प्रूफ (तपासणीची छापील प्रत) पास झाल्यावरच करा, आणि त्याआधीची जिवंत मजकुराची फाइल वेगळ्या नावानं जपून ठेवा, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक हमखास छपाईच्या आदल्या संध्याकाळी सापडते.