चेनसॉ उघडायला शिकताय? आधी पिस्टन काय सांगतोय ते बघा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी आयटीआय संपवून घरी होतो. आमच्या दापोलीकडे एका दिवसात माड, सुपारी, आंबा, फणस सगळं आडवं झालं, रस्ते बंद, लाइट कित्येक दिवस नाही, आणि ज्याच्याकडे चेनसॉ होती त्याला जेवायलाही फुरसत नव्हती. पंधरा दिवसांनी त्याच मशिनी रिपेअरला यायला लागल्या. कुणी घाईत बिनऑइलचं पेट्रोल टाकलेलं (या इंजिनाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालावं लागतं), कुणी एअर फिल्टर एकदाही काढलेला नाही. त्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांना हाताखाली माणूस हवा होता म्हणून मी गेलो, आणि तेव्हापासून हेच काम करतोय. नवीन पोरं विचारतात कुठून सुरुवात करू, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझ्या हातात आलेलं पहिलं पूर्ण काम म्हणजे ५८ सीसीची एक जाम मशीन. पिस्टन-सिलिंडरचा नवा सेट टाकला, एका दोरीत चालू झाली, गिऱ्हाईक खूश, मी पण खूश. आठव्या दिवशी तीच मशीन परत जाम होऊन आली. काका ओरडले नाहीत, त्यांनी फक्त कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी बूट काढून माझ्या हातात दिला आणि वाकवायला सांगितलं. वाकवल्यावर बारीक चीर दिसली. तिथून जास्तीची हवा ओढली जात होती, म्हणजे पेट्रोल कमी, त्याच्यासोबत येणारं ऑइलही कमी, आणि पिस्टन तापून फुगून सिलिंडरला घासला. मी जळलेला पार्ट बदलला होता, जाळणारा तसाच ठेवला होता. त्या माणसाचे आठ दिवस आणि पैसे माझ्यामुळे गेले, ते मला अजून लागतं.

म्हणून आता मशीन आली की पाना उचलायच्या आधी मी टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकतो. पेट्रोल उडून जातं, ऑइल असेल तर तेलकट डाग राहतो. डाग राहिला नाही तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. मग सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारायचा, पिस्टन सरळ दिसतो. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर ऑइल कमी पडलंय किंवा कुठून तरी हवा घुसतेय, आणि कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन मळकट, घासून गेलेला दिसला तर भुसा-धूळ आत गेलीय, म्हणजे फिल्टर फाटका आहे नाहीतर नीट बसलेला नाही. गिऱ्हाइकाला पण विचारा, की ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस लगेच खाली यायची का, मशीन आडवी केली की आवाज बदलायचा का. बदलत असेल तर क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) ऑइल सील बघा.

उघडताना प्लगची टोपी आधी काढायची, मग चेन आणि ती जिच्यावर फिरते ती पट्टी. हातमोजे घालून, कारण बंद मशीनची चेनही हात कापते. नंतर ब्रशने आणि हवेने बाहेरचा सगळा भुसा काढा, कारण ऑइल आणि भुसा मिळून जो चिखल झालेला असतो त्याचा एक कण जरी उघड्या इंजिनात पडला तरी केलेलं काम वाया. स्क्रू ठेवायला मी घरातलं जुनं इडलीपात्र आणलंय, एका खळग्यात एका जागेचे स्क्रू, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने. वरवर सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बॉडी फुटते. मोबाइलवर फोटो काढत राहा, विशेषतः पाइप आणि वायर कुठून कशा फिरल्यात त्याचे.

क्लचवर सगळे नवखे अडतात. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो, बहुतेक क्लचवर बाण असतो तो बघा. इंजिन फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, पण आधी पिस्टन वर आणून एक्झॉस्टचं भोक झाकलं गेलंय ना ते बघून, नाहीतर दोरी त्या भोकात अडकते आणि तुटते. चेन ब्रेक सोडलेला असू दे. क्लच निघाला की मागे ऑइल पंप दिसतो, तो पुसून घ्या, त्याची जाळी भुशाने बंद असते म्हणून पट्टीला तेल जात नाही आणि लोक उगाच नवा पंप घेतात.

सिलिंडर काढल्यावर क्रँकच्या तोंडावर लगेच स्वच्छ फडकं कोंबा. सिलिंडरला आतून कडक लेप असतो, नख फिरवून बघा. नुसतं पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असेल तर बारीक पॉलिश पेपरने हळूहळू निघतं, पण लेप उडून नख अडकत असेल तर सिलिंडर बदला, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगचं तोंड खाचेतल्या पिनवर, आणि पिस्टन ज्या पिनवर बसतो तिचे लॉक नवेच घाला, जुने परत वापरू नका. सगळीकडे टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळतात तेच) लावून सिलिंडर हाताच्या दाबानेच खाली यायला हवा. अडला तर थांबा, रिंग फिरलीय, हातोडी मारलीत की रिंग तुटलीच.

कार्बोरेटरचं सांगायचं तर आमच्याकडे पावसाळा मोठा, मशीन जूनला टाकीत पेट्रोल ठेवून माळ्यावर जाते आणि दसऱ्याला खाली येते, त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते ओल ओढतं. आतला पातळ पडदा कडक होतो, बोटाने दाबला की कडकड वाजतो, मग तो बदलायचाच. जोडताना सुई असलेल्या बाजूला बॉडीला आधी गास्केट मग पडदा, कार्बोरेटरच्याच पेट्रोल पंपाच्या बाजूला आधी पडदा मग गास्केट. हे उलट झालं की मशीन नखरे करते आणि दोन दिवस कळत नाही काय चुकलं. टाकीतला फिल्टर पण तारेच्या आकड्याने ओढून बघा.

फिरत्या चाकावरचं मॅग्नेट आणि प्लगला ठिणगी देणारी कॉइल यांच्यामध्ये ०.३ मिमीच्या आसपास फट लागते, एक व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून कॉइल घट्ट करायची, कार्ड काढायचं.

सेटिंगला कार्बोरेटरचे एच (फुल रेसचा) आणि एल (कमी रेसचा) स्क्रू हलकेच बंद करून एकेक फेरा उघडून सुरुवात करा, बंद करताना जोर दिला तर टोक बसतं. चेन-पट्टी आणि कव्हर लावूनच चालू करायची. फुल रेसला लाकडाबाहेर आवाज थोडा फडफडता हवा आणि लाकडात घातल्यावर साफ व्हायला हवा. बाहेरच तीक्ष्ण किंचाळत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, एच जरा उघडा. आयडलला, म्हणजे रेस न देता, चेन हलता कामा नये, हलली तर मशीन द्यायची नाही, कुणाच्या तरी पायाचा प्रश्न आहे.

मिक्सिंग मी गिऱ्हाइकाला टाकीच्या झाकणावर मार्करने लिहून देतो. स्टिल (Stihl) कंपनीच्या एमएस १८० सारख्या मशीनला त्यांचंच ऑइल असेल तर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, आणि साधं टू-टी असेल तर २५:१, लिटरला ४० मिली. चेनला जळकं इंजिन ऑइल घालू नका असंही सांगतो. चेनची धार मी फुकट लावून देतो, छोट्या मशीनच्या चेनला ४ मिमीची गोल कानस, ३० अंश, प्रत्येक दाताला सारखेच हात, कारण बोथट चेन असली की माणूस मशीन दाबून धरतो आणि मी बसवलेला पिस्टन परत तापतो. शेवटी पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्यायची, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली की मग मशीन गिऱ्हाइकाच्या हातात.