दोन मेकॅनिक, दोन मते: आधी टायर तपासा

म्हापशातला मेकॅनिक कारचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर (चाकांना बसणारे धक्के शोषणारे भाग) बदलायला सांगतो आणि फोंड्यातला केवळ अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) पुरेसे आहे म्हणतो, अशा वेळी खर्चाला होकार देण्यापूर्वी चारही टायरांवरून हात फिरवून झीज नेमकी कुठे आहे ते लिहून ठेवावे. दोन्ही कडा झिजल्या असल्यास हवा कमी, मधला पट्टा झिजला असल्यास हवा जास्त, एकच कड झिजली असल्यास बहुधा अलाइनमेंट, आणि जागोजागी खळगे पडले असल्यास (पावसाळ्यातल्या खड्ड्यांनंतर हे नवल नव्हे) शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल) यांचा संशय घ्यावा. मग अलाइनमेंटचा छापील अहवाल मागून घ्यावा. दुसऱ्या गॅरेजात तोंडी मतापेक्षा त्यातील आकडे अधिक उपयोगी पडतात. चाक गाडीला जोडणाऱ्या भागांतला बुश (रबरी जोड) किंवा बॉल जॉइंट (फिरता सांधा) ढिला असल्यास मात्र तो आधी बदलावा, अन्यथा केलेले अलाइनमेंट टिकत नाही.